काळ्या गाडीचा कोरडा श्रावण

यंदाचा श्रावण पुन्हा कोरडा आला आहे. सकाळी पूजेला बसतो तेव्हा बेलाच्या पानांवर धूळ असते आणि ती पंच्याच्या टोकाने पुसून घ्यावी लागते. आभाळ दुपारपर्यंत ढगांनी भरते आणि संध्याकाळी, कचेरी सुटल्यासारखे, मोकळे होते. लातूरच्या आमच्या गल्लीत नळ केव्हा येणार याचीच बोलणी घरोघर चालू आहेत. समोरचे गृहस्थ रोज सकाळी दाराशी उभी असलेली आपली गाडी कोरड्या फडक्याने पुसतात. माणूस नेमस्त आहे, पाणी वाया जाऊ नये म्हणून तसे करतो. पण फडक्याखाली धूळ रगडली जाते तेव्हा एक बारीक खरखर उमटते, आणि ती कानावर आली की माझे जपातले लक्ष उडते. गाडी माझी नाही, मला गाडी चालवताही येत नाही. तरी त्या आवाजाने माळेवरची बोटे थांबतात.

ती खरखर मी पहिल्यांदा ऐकली चाकूरला, आमच्या दारातल्या कडुलिंबाखाली. लातूर जिल्हा झाला ते वर्ष. त्याही वर्षी आषाढ वाऱ्यात गेला आणि श्रावण धुळीत. मुगाची रोपे वीतभर वाढून पिवळी पडली होती. पंचमीला पोरींनी झोके बांधले, पण झोका खाली आला की धुरळा उडे आणि गाणे म्हणणारीला ठसका लागे. महादेवाच्या देवळात पिंडीवर टांगलेल्या अभिषेकपात्राच्या छिद्रात पुजाऱ्याने दर्भाची काडी खोचली होती. धारेचे थेंब झाले होते, आणि एका थेंबापासून दुसऱ्या थेंबापर्यंत आमचा अख्खा मंत्र म्हणून होई. मी तेव्हा लातूरच्या एका शाळेत संस्कृत शिकवीत होतो आणि श्रावणातल्या सोमवारासाठी रजा काढून घरी आलो होतो.

जिल्हा झाला म्हणजे नेमके काय झाले, हे गावात कोणालाच नीट सांगता येत नव्हते. आजवर कचेरीचे काम निघाले की उस्मानाबादेचा रस्ता धरावा लागे. आता लातूरला भागणार, एवढे कळत होते. लातुरात भाड्याच्या घरांना कचेऱ्यांच्या पाट्या लागल्या, आणि पाट्यांचा रंग वाळण्याआधी त्यांच्याखाली माणसे बसू लागली. साहेब पुष्कळ आले. त्यांना हिंडायला गाड्या मात्र नव्हत्या. टंचाईची गावे पाहायची, टँकरांची सोय लावायची, वरून येणाऱ्या पाहुण्यांना फिरवायचे, यासाठी खाजगी गाड्या महिन्याच्या बोलीवर ठेवणे सुरू झाले. ही बातमी घरी आणली ती माझ्या थोरल्या भावाने, अण्णाने.

अण्णा पुष्कळ वर्षे नांदेडला एका जिनिंगवाल्या शेटजींची गाडी चालवीत होता. शेटजींनी नवी गाडी घेतली तेव्हा जुनी काळी अँबॅसिडर अण्णाने साठवलेल्या पैशांतून मागून घेतली आणि तो तीत बसून गावी परतला. आता इथे राहूनच पोट भरीन, म्हणाला. आम्हाला केवढा आनंद झाला. पण दुष्काळात लग्ने पुढे ढकलली गेली, यात्रेला जाणारे एस.टी.च्या टपावर बसून जाऊ लागले, आणि काळी गाडी कडुलिंबाखाली निंबोळ्या झेलीत उभी राहिली. आमचे वडील, ज्यांना आम्ही अप्पा म्हणत असू, किराणा दुकान चालवीत. लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणारे, अत्यंत मितभाषी. मुलगा घरी राहावा असे ते कधी बोलले नाहीत. पण अण्णा नांदेडहून सुट्टीला यायचा त्या दिवशी त्यांच्या दुकानाच्या फळ्या दिवेलागणीआधीच लागत, हे सगळ्या बाजारपेठेला ठाऊक होते.

"मंगळवारी सायेब टँकर बघायला चाकूरला येणार हायत," अण्णाने जेवताना सांगितले. "जाता जाता गाडी बघतो म्हणालेत. त्यांचा कारकून म्हणला, गाडी चकाचक पायजे. उदगीरची एक जीप बी हाय त्यांच्या डोक्यात."

"अन् न्हाई घेतली तर?" अव्वाने विचारले. आईला आमच्या घरात अव्वा म्हणत.

"तर काय. परत कामावर ये म्हणून शेटजींचा निरोप आलाच हाय. गाडी त्यांला परत देतो अन् गणपती बसायच्या आत नांदेड गाठतो."

अप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला होता. तो त्यांनी ताटात परत ठेवला, थोड्या वेळाने उचलला.

गाडी चकाचक करायची तर पाणी हवे. गावच्या विहिरींचे तळ दिसत होते. बोअरचे पाणी खारे, आणि टँकर आला की घागरींची झुंबड. अव्वाने घरात प्रत्येकाच्या आंघोळीचे पाणी मापून दिले होते.

"माणसाच्या घशाला पाणी न्हाई अन् तू गाडीला न्हाऊ घालायलास?" ती म्हणाली. "गल्ली काय म्हणंल?"

"गल्लीचं न्हाई अव्वा, माझ्या वाट्याचं हाय."

आणि खरोखरच त्या दिवसापासून अण्णाच्या आंघोळीचे पाणी कडुलिंबाखालच्या रांजणात जाऊ लागले. अप्पांच्या ते ध्यानात यायला वेळ लागला नाही. स्नानावाचून गळ्यातले इष्टलिंग पूजेसाठी तळहातावर घ्यायचे नाही, हा आमच्या घरचा दंडक.

"तुझी पूजा?" त्यांनी विचारले.

"भस्म लावून करायलोय अप्पा. तुम्हीच सांगितलं हुतं की, पाणी नसंल तिथं भस्माचं स्नान चालतं म्हणून."

अप्पा पाठ फिरवून बसले. शास्त्र त्यांनीच शिकवले होते. पण श्रावणात धडधाकट मुलगा अंगाला राख फासून पूजेला बसतो आणि त्याचे पाणी रांजणात एका गाडीसाठी साठते, हे त्यांना लागले होते. ते त्यांच्या पाठमोऱ्या बसण्यातूनही कळत होते.

सोमवारी पहाट फुटताना मला जाग आली ती त्या खरखरीने. बाहेर येऊन पाहतो तो अप्पा गाडीपाशी उभे. सोवळ्याचा पंचा नेसलेले, ओठांवर पंचाक्षरी, डाव्या हातात गोवऱ्यांच्या चाळलेल्या राखेचे ताट, उजव्या हातात नारळाची शेंडी. बॉनेटवर राख टाकून देवाची समई घासावी तसे ते घासत होते, गोल गोल, एकही कोपरा न सोडता. काळ्या रंगावर रात्रीची धूळ तशीच होती. राख, धूळ आणि शेंडी मिळून जे व्हायचे ते होत होते. आरशासारखा काळा पत्रा पाटीसारखा राखाडी झाला होता.

"अप्पा, हे काय?"

"पितळी हंड्याकडं बघ. राखंनं कसा हुतो?" ते न थांबता म्हणाले. "पाणी लागत न्हाई. माणसाच्या अंगाला चालतं ते लोखंडाला का चालू नये? त्याला उठव. आज सोमवार हाय. म्हणावं, रांजणातल्या पाण्यानं आंघोळ कर."

तेवढ्यात अण्णाच दारात आला. त्याने गाडी पाहिली. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि नजर खाली केली. मंगळवार उद्यावर आला होता. त्या बॉनेटवर त्याचे घरी राहणे अवलंबून होते, आणि ते जाणूनच अप्पा पहाटेपासून घासत उभे होते. त्यांचे हात कोपरापर्यंत राखेने पांढरे झाले होते.

"लई वेळ झाला का उठून?" अण्णाने विचारले.

"झाला असंल."

"हात दुखले असतील तुमचे. आता पूजेला बसा अप्पा. फुडचं मी बघतो."

मग त्याने जे केले ते मला आजवर अनेक व्रतवैकल्यांपेक्षा मोठे वाटत आले आहे. त्याने रांजणातून बादली भरली आणि आधी आंघोळ केली. ज्या पाण्याचा थेंबन् थेंब त्याला गाडीसाठी हवा होता, ते पाणी त्याने तांब्यातांब्याने अंगावर घेतले, अप्पांना दिसेल असे, घाई न करता. ओल्या अंगाने पूजा केली. आणि मग उरलेल्या पाण्याकडे वळला.

देवपूजेत मुख्य अभिषेकाच्या आधी एक स्नान असते, मलापकर्षाचे. आधीचे गंध, बुक्का, निर्माल्याचे कण हळुवार उतरवायचे, मूर्तीला ओरखडा न उमटू देता. मी ते वर्गात पुष्कळदा समजावून सांगितले होते. त्या दिवशी अण्णाच्या हातून ते घडताना पाहिले. गाडी त्याने ढकलत सावलीच्या आतल्या बाजूला घेतली, कारण उन्हाने तापलेल्या पत्र्यावर पाणी टाकले तर ते डाग सोडून उडते. कापड लावण्याआधी त्याने टपावरून बारीक धार सोडली आणि धूळ, राख नुसत्या पाण्याने वाहू दिली. "आधी हात लावायचाच न्हाई," तो मला म्हणाला. "घाण आपणहून सुटली पायजे. कापड लावलं की तीच घाण सुरी हुती." मी तांब्या धरला होता. त्याने अव्वाच्या डब्यातले रिठे भिजवून फेस केला होता. धुण्याचा सोडा रंग खातो म्हणाला. टप, काचा, दारे, असे वरून खाली. कापडाची घडी मळली की दुसरी बाजू. चाके सर्वांत शेवटी, आणि त्यांचे फडके वेगळे.

फडकी दिली होती महेबूबचाचांनी. ते शेजारचे शिंपी, मशीन ओट्यावर मांडून गल्लीवर नजर ठेवून असत. मलमलीच्या चिंध्या निवडून देताना त्यांनी प्रत्येक तुकड्यावरून अंगठा फिरवला, कुठे टाका वा बटण राहू नये म्हणून.

"काय वं ड्रायव्हरसाब, गाडी हाय का नवरदेव? हळद कवा लावायची?"

"आधी मेण लावतो चाचा, हळदीचं उद्या बघू."

"नवरी उदगीरची हाय म्हणं?"

"उदगीरची सवत हाय. नवरी लातूरची."

चाचा हसले आणि मशीन सुरू केले. पण बॉनेटकडे त्यांनी एकदा पाहून घेतले होते, आणि मग दिवसभर त्याबद्दल एक शब्द काढला नाही. शेजार असा होता.

पाणी वाळण्याआधी अण्णाने सगळी गाडी टिपून काढली. खाऱ्या पाण्याचा थेंब वाळला की पांढरा ठिपका राहतो. मग त्याने नांदेडहून आणलेला एक डबा उघडला. त्यात करड्या रंगाची मऊ पेस्ट होती. ती बोटभर घेऊन तो बॉनेटवर तळहाताएवढ्या जागेत घासू लागला. जोर नव्हता, नुसता फिरता हात. एवढी जागा झाली की शेजारची. पूजा आटोपून अप्पा ओट्यावर येऊन बसले होते. आपण सुरू केलेले काम मुलगा पुरे करतो आहे, अशा समाधानाने ते पाहत होते.

"राखंवर आता ते काय लावायलास?"

अण्णाचा हात क्षणभर थांबला. "हे बी राखंसारखंच हाय अप्पा. फक्त लई बारीक."

आणि ते खोटे नव्हते. ती पेस्टही घासूनच उजळवते. जाडीभरडीने पडलेल्या खुणा बारकीने काढायच्या. पुढे अनेक वर्षे शिकवताना, एखाद्या मुलाच्या मनावर कोणी कठोर बोलून ओरखडा काढला असला, तर मला तो फिरता हात आठवे. खोलवर गेलेले निघत नाही. वरवरचे निघते, पण तेही जोराने नाही.

दुपार कलेपर्यंत राखाडी झाक गेली आणि काळा रंग वर आला. गेल्या नाहीत त्या शेंडीच्या गोल रेघा. समोरून पाहिले तर दिसत नसत, ऊन तिरपे आले की पाण्यावरच्या वलयांसारख्या उमटत. अण्णाने त्या बोटाने चाचपल्या आणि डबा बंद केला. "आणखी घासलं तर रंगच जाईल," तो मला हळूच म्हणाला.

शेवटी मेण. ते अगदी पातळ लावायचे, वाळून धुरकट दिसू लागेपर्यंत थांबायचे, आणि मग स्वच्छ मलमलीने पुसून काढायचे. थांबण्याच्या त्या वेळात आम्ही दोघे भाऊ कडुलिंबाच्या पारावर बसलो. लहानपणीही आम्ही फारसे बोलत नसू. मेण पुसले तेव्हा गाडीत कडुलिंब दिसू लागला, फांदी न् फांदी. अण्णाने रांजणात हात बुडवून बॉनेटवर चार शिंतोडे उडवले. थेंब पसरले नाहीत. टपोरे, गोल होऊन जागच्या जागी उभे राहिले. अप्पा ओट्यावरून उतरून जवळ आले आणि वाकून पाहत राहिले. कितीतरी दिवसांनी आमच्या दारात थेंब दिसत होते.

"पडला बाई पाऊस," अव्वा दारातून म्हणाली. "गाडीपुरता."

मंगळवारी साहेब आले ते ऊन तिरपे झाल्यावर, दुसऱ्या कोणाकडून तरी मागून आणलेल्या, धुळीने भरलेल्या जीपमधून. वय फार नव्हते, पण डोळे थकलेले होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, दार उघडून लावून पाहिले, आणि बॉनेटपाशी येऊन थांबले. रेघा लख्ख दिसत होत्या.

"हे काय झालंय? कुठं घासली गाडी?"

अप्पा ओट्यावर उभे होते, कपाळावर भस्माचे पट्टे, हात जोडलेले. त्यांना अजून कशाचाच पत्ता नव्हता. आधीच्या मालकावर ढकलणे अण्णाला सोपे होते. शेटजी काही विचारायला येणार नव्हते.

"घासली न्हाई सायेब," अण्णा म्हणाला. "पाणी न्हवतं, म्हणून आमच्या अप्पांनी राखंनं उजळवली. घरचे देव उजळवतात तशी."

साहेबांनी ओट्याकडे पाहिले. नंतर त्यांचा आवाज बदलला. ते टँकर पाहायला आलेले होते.

"बाकीची तर धुतलेली दिसते. पाणी कुठलं?"

गल्लीतली माणसे जमली होती. महेबूबचाचांचे मशीन थांबले.

"माझ्या आंघोळीचं."

"म्हणजे तुम्ही आंघोळ करत नाही?"

"काल केली सायेब. अप्पांनी करायला लावली. त्याच्यासाठीच तर त्यांनी राख घेतली हुती."

साहेब थोडा वेळ जमिनीकडे पाहत राहिले. हसू आवरत होते की काय, सांगता येत नाही. मग म्हणाले, "ब्रेक लागतात का?"

"लागतात की."

"बसा. दाखवा."

गाडी वेशीपर्यंत जाऊन परत आली. साहेब उतरले आणि रुमालाने मान पुसत म्हणाले, "परवापासून लातूरला या. आणि एक ऐका. ही रोज अशी चमकवत बसू नका. ज्या गावात प्यायला पाणी नाही तिथं मी असल्या गाडीतून उतरलो तर लोक दगड मारतील. कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

अण्णाने कारकुनाचे नाव घेतले नाही. "चुकलं सायेब," एवढेच म्हणाला.

आज विचार करताना वाटते, त्या श्रावणात आमच्या दारात दोन स्नाने झाली आणि दोन्ही, पाहिले तर, निरुपयोगी ठरली. भस्माच्या स्नानाने रंग गेला, आणि पाण्याच्या स्नानाने आलेली चमक साहेबांना नको होती. पूजेचेही असेच असावे. देवाला आपल्या चंदनाची आणि पाण्याची गरज असते असे कोणते शास्त्र म्हणते? तरी आपण करतो. ते करताना एक माणूस दुसऱ्यासाठी पहाटे उठतो आणि दुसरा त्याच्यासाठी आपले साठवलेले पाणी अंगावर ओतून घेतो. यापलीकडे अभिषेकाचे फळ मी कुठे वाचलेले नाही.

साहेबांची जीप गेली, गल्ली पांगली, अव्वाने चहा टाकला. अप्पा मात्र गाडीपाशी उभे होते. त्यांनी वाकून, मान तिरकी करून बॉनेट पाहिले, आणि एका रेघेवरून बोट फिरवले. ते गोल फिरले, त्यांचा हात फिरला होता तसेच.

"ह्या माझ्या हातच्या?"

अण्णा जवळ जाऊन उभा राहिला. "हाव अप्पा."

"काल बोलला न्हाईस."

"काल सोमवार हुता."

कडुलिंबाची दोन पिवळी पाने गाडीवर पडली. ती अप्पांनी पुसून न काढता चिमटीत धरून उचलली.

"तेवढ्याला रंग देऊन घे."

"कशाला? सायेब म्हणला न्हाई का, चमकली तर दगड पडतील."

अप्पा हसले. त्यांचे हसणे मी फार थोड्या वेळा पाहिले आहे. ओठ मिटलेलेच राहत, खांदे तेवढे हलत. मग हातातली पाने बाजूला टाकून ते आत जायला वळले आणि पायरीवर थांबले.

"पाऊस होऊ दे एकदा," ते म्हणाले. "मग धुवू. पाणी मी ओततो, कापड तू धर."